कपाशीवरचा मावा, मिलिमीटरची पट्टी आणि ‘एकास एक’चा हिशोब

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चोपडा तालुक्यात तुमच्या घरची कपाशी आहे आणि तिच्यावरच्या किडींचे, मित्रकिडींचे फोटो तुम्हाला काढायचे आहेत. जवळ २४ मेगापिक्सेलचा कॅननचा क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स आहेत, आणि नुकतीच ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घेतलीत. तिच्या तोंडावर ‘१:१.८’ छापलेलं पाहून वाटलं की ही निम्म्याहून मोठा किडा दाखवेल, पण मावा दिसतो ठिपक्याएवढाच. दुसरी अडचण अशी, की मित्राची १०० मिलिमीटर मॅक्रो लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर लावली तर ढालकिडा मोठा दिसतो आणि त्याच्या फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, लावली तर लहान. मग त्याचा कॅमेरा बिघडलाय का? आणि शेवटी, मावा, तुडतुडे, ढालकिडे यांच्यासाठी ‘किती एक्स’ची, म्हणजे किती पटीची, लेन्स घ्यावी?

मी जळगावात गेली वीसेक वर्षं दोन प्रकारची कामं करतो. सकाळी शेतातल्या किडी, दुपारनंतर सराफांचे दागिने. दोन्हीकडे वस्तू नखाएवढी किंवा त्याहून लहान. त्यामुळे हा गोंधळ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तुमचे तीनही प्रश्न एकाच गाठीतून आलेत: मॅग्निफिकेशनचा आकडा नेमकं काय मोजतो, हेच कुणी तुम्हाला सांगितलेलं नाही. ती गाठ सुटली की लेन्स कोणती घ्यायची हे तुमचं तुम्हीच ठरवाल.

आधी तो ‘१:१.८’ बाजूला करू. त्याचा किड्याच्या आकाराशी काहीच संबंध नाही. ते ॲपर्चरचं प्रमाण आहे, म्हणजे लेन्सचं तोंड जास्तीत जास्त किती उघडतं ते. तुमच्या ५५-२५० वर ‘१:४-५.६’ छापलंय तेही तेच. मॅग्निफिकेशन लेन्सच्या तोंडाभोवती सहसा छापत नाहीत. ते माहितीपत्रकात असतं, आणि मॅक्रो लेन्स असेल तर फोकसच्या अंतराच्या पट्टीजवळ लिहिलेलं असतं.

आता मूळ मुद्दा. मॅग्निफिकेशन म्हणजे सेन्सरवर पडलेली प्रतिमा भागिले खरी वस्तू. दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७ मिलिमीटरचा ढालकिडा सेन्सरवरही ७ मिलिमीटरचा उमटला तर ते एकास एक. साडेतीन मिलिमीटरचा उमटला तर एकास दोन, म्हणजे अर्धा पट. १४ मिलिमीटरचा उमटला तर दोनास एक, म्हणजे दोन पट. पहिला आकडा प्रतिमेचा, दुसरा वस्तूचा. १:२ आणि २:१ यांत कितीतरी जण फसतात आणि चुकीची लेन्स घरी येते, म्हणून हा क्रम पक्का करून ठेवा.

इथे मोबाईलचा पडदा नाही, टीव्ही नाही, छापील फोटो नाही. फक्त सेन्सर. शटर उघडलं त्या क्षणी सिलिकॉनच्या त्या तुकड्यावर किडा किती मिलिमीटरचा पडला, एवढंच. पुढे तुम्ही तो १२ इंची कागदावर छापलात तर तुमच्या कॅमेऱ्याचा २२.३ मिलिमीटर रुंद सेन्सर जवळजवळ १४ पट ताणला जातो आणि एकास एकला टिपलेला ढालकिडा साडेनऊ सेंटिमीटरचा दिसतो. पाहणारा म्हणेल, ‘केवढा मोठा करून दाखवलाय!’ पण ती किमया छपाईची आहे. लेन्सनं किडा होता तेवढाच टिपला होता.

मित्राचा कॅमेरा बिघडलेला नाही. त्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, तुमचा २२.३. दोन्हीवर तीच लेन्स एकास एकला लावली की दोन्हीकडे ढालकिडा बरोबर ७ मिलिमीटरचाच पडतो. तुमच्या चौकटीचा तो जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो, त्याच्या चौकटीचा पाचवा. भाकरी तीच, ताट मोठं. लोक म्हणतात की क्रॉप सेन्सरवर मॅक्रो लेन्स १.६ पट होते. शब्दशः ते चूक आहे, पण त्यामागे खरी गोष्टही आहे. तुमचे ६००० पिक्सेल २२.३ मिलिमीटरमध्ये बसलेत, म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे २७०. मित्राचाही २४ मेगापिक्सेलचा असेल तर त्याला दर मिलिमीटरला १६७ मिळतात. म्हणजे त्याच एकास एकला तुमच्या कॅमेऱ्याला किड्याचे बारकावे जास्त मिळतात. लहान किडीसाठी क्रॉप सेन्सर गैरसोयीचा नाही, याचा मला रोज अनुभव येतो.

हे सगळं डोक्यात ठेवायचं असेल तर माझी एक सवय उचला. ‘किती एक्स’ असं विचारूच नका. ‘चौकटीत किती मिलिमीटर मावतात’ असं विचारा. घरातली स्टीलची पट्टी टेबलावर आडवी ठेवा, लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकून सर्वांत जवळच्या टोकाला न्या आणि कॅमेराच पुढेमागे करून पट्टी स्पष्ट करा. फोटो काढा, डावीकडून उजवीकडे किती मिलिमीटर आले ते मोजा. २२.३ भागिले तो आकडा, हे तुमचं मॅग्निफिकेशन. दुकानदाराला विचारायला नको, डबा वाचायला नको.

तुमच्या तीन लेन्सचा हा हिशोब मी कंपनीच्या आकड्यांवरून करून ठेवलाय. तुमच्या १८-५५ वर ‘१:३.५-५.६’ आणि आयएस एसटीएम लिहिलं असेल तर ती ५५ ला सर्वांत जवळ ०.३६ पट देते, म्हणजे चौकटीत ६२ मिलिमीटर मावतात. ५५-२५० आयएस एसटीएम २५० ला ०.२९ पट, म्हणजे ७७ मिलिमीटर. आणि जिच्यासाठी तुम्ही पैसे मोजलेत ती ५० एफ १.८ एसटीएम ०.२१ पट, म्हणजे तब्बल १०६ मिलिमीटर. कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स तिघींत सर्वांत जवळ जाते! मन खट्टू करू नका, त्या ५० ला आपण पुढे कामाला लावणार आहोत.

‘मॅक्रो’ या शब्दावर विसंबू नका, हे मी पदरमोड करून शिकलो. सुरुवातीला मी एक झूम लेन्स घेतली, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘मॅक्रो’ लिहिलेलं. यावलच्या बाजूला केळीच्या बागेत गेलो, दोन दिवस किडे टिपले आणि घरी येऊन पाहतो तर सगळे चौकटीच्या मधोमध मोहरीएवढे. पट्टी ठेवून मोजलं तेव्हा कळलं, ती लेन्स एकास चार होती. त्या लेन्सनं फुलपाखरं उत्तम यायची, मावा येणं शक्यच नव्हतं. आणि गंमत म्हणजे निकॉनवाले त्यांच्या मॅक्रो लेन्सना ‘मायक्रो’ म्हणतात. म्हणून नाव सोडा, आकडा पाहा.

आता ‘किती हवं’ हे मात्र किड्यावर अवलंबून आहे, आणि फोटो कशासाठी हवा यावरही. कृषी विज्ञान केंद्रात कीड ओळखण्यासाठी पाठवायचा फोटो वेगळा, भिंतीवर लावायचा वेगळा. कपाशीवरचा लाल ढेकूण दीड सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्याला अर्धा पट पुरे. ढालकिडा ५ ते ८ मिलिमीटर, तिथे एकास एक हवं. तुडतुडा साधारण ३ मिलिमीटर, मावा १ ते २, पांढरी माशी मिलिमीटरभर आणि फुलकिडाही तसाच. यांच्यासाठी एकास एकही अपुरं पडतं, दोन पटीच्या आसपास जावं लागतं. पहिल्या पावसानंतर बांधावर दिसणारा तो मखमली लाल मृगाचा किडा घ्या. त्याला एकास एकाहून थोडं कमी असलं तरी चौकट भरल्यासारखी वाटते.

पिक्सेलमध्ये सांगतो म्हणजे अंदाज येईल. २ मिलिमीटरचा मावा तुमच्या १८-५५ नं टिपला तर तो साधारण १९० पिक्सेलचा येतो. मावा आहे एवढं कळतं, पाय-मिशा धूसर. एकास एकला तो ५४० पिक्सेलचा होतो, दोन पटीला हजाराच्या वर. तिथे त्याच्या पाठीमागच्या दोन नळ्याही वेगळ्या दिसतात.

मग दोन पटीपर्यंत जायचं कसं? दोन स्वस्त वाटा आहेत. कोणती वाट कोणत्या लेन्सला, यात बहुतेक जण चुकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली वाट एक्स्टेन्शन ट्यूबची. ही आतून पोकळ नळी असते, काच नसते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसते. वाढणारं मॅग्निफिकेशन म्हणजे नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (५०, २५० हा लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा). तुमच्या ५० ला ३६ मिलिमीटरची नळी लावली तर ०.७२ वाढले, मूळचे ०.२१ धरून ०.९३. म्हणजे जवळजवळ एकास एक. १२, २० आणि ३६ अशा तीन नळ्यांचा संच मिळतो, तिन्ही एकत्र लावल्या तर ६८ मिलिमीटर होतात आणि तीच ५० दीड पटीच्या पुढे जाते. पण तीच ३६ ची नळी २५० ला लावलीत तर वाढ होते फक्त ०.१४ ची. म्हणजे ट्यूब छोट्या फोकल लेंग्थला. घेताना विजेचे संपर्क असलेली घ्या, नाहीतर कॅननच्या लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येणार नाही. आणि १८ मिलिमीटरला लांब नळी लावायच्या भानगडीत पडू नका, फोकस लेन्सच्या काचेला चिकटतो किंवा आतच जातो.

दुसरी वाट क्लोज-अप लेन्सची. ती पुढे लावतात, चष्म्यासारखी, आणि तिची ताकदही चष्म्यासारखी डायॉप्टरमध्ये मोजतात. मुख्य लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या टोकाला, ठेवला तर मॅग्निफिकेशन म्हणजे मीटरमधली फोकल लेंग्थ गुणिले डायॉप्टर. तुमच्या २५० ला +४.८ ची रेनॉक्स डीसीआर-१५० लावली तर ०.२५ गुणिले ४.८, म्हणजे १.२ पट. चौकटीत साडेअठरा मिलिमीटर. +८ ची डीसीआर-२५० लावली तर दोन पट, चौकटीत ११ मिलिमीटर. हा गुणाकार असल्यामुळे ही वाट लांब लेन्सला फायद्याची. दोन्ही रेनॉक्स चिमट्यानं बसतात, तुमच्या लेन्सच्या ५८ मिलिमीटर तोंडाला सहज. फक्त झूम ५५ कडे आणलात की कोपरे काळे पडतील, तेव्हा २५० च्या बाजूलाच राहा. एकेरी काचेचे स्वस्त क्लोज-अप फिल्टरही मिळतात, पण त्यांत किड्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते. सोन्याच्या दागिन्यावर तर ती फारच खटकते.

थोडक्यात, ५० ला मागे नळी आणि २५० ला पुढे काच.

या दोघांत निवडायचं कसं, ते अंतर ठरवतं. मॅग्निफिकेशनचा आकडा सारखाच असला तरी लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत किती जागा उरते, ही शेतातली खरी गोष्ट. माहितीपत्रकातलं ‘किमान अंतर’ सेन्सरपासून मोजलेलं असतं, कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोलातून गेलेल्या रेषेची खूण असते तिथून. त्यात कॅमेरा आणि लेन्सची लांबीही आली. मित्राची १०० मिलिमीटर मॅक्रो सेन्सरपासून ३० सेंटिमीटरवर एकास एक देते, पण तोंडापुढे उरतात जेमतेम १३-१४ सेंटिमीटर. नळी लावलेल्या ५० ला एकास एकच्या जवळ चार-पाच बोटंच उरतात. तुडतुडा एवढ्या जवळ येऊ देत नाही. तो तिरका चालत पानाच्या मागे जातो, आणि लेन्सची सावली पडली की उडतोच. उलट २५० वर +४.८ लावून लेन्स अनंतावर ठेवली तर सुमारे २१ सेंटिमीटर उरतात, म्हणजे वीतभर. +८ ला साडेबारा. क्लोज-अप लेन्सनं हे अंतर तिच्या डायॉप्टरवरच ठरतं: एक मीटर भागिले डायॉप्टर.

दागिन्यांनाही हेच लागू, पण कारण निराळं. नथीतला गोल सोन्याचा मणी आरशासारखा असतो. लेन्स जवळ गेली की तिचं काळं तोंड मण्यात उमटतं. तिथे मी एकास एक असूनही मुद्दाम लांबची लेन्स वापरतो, बाजूंनी पांढरा कागद उभा करता येतो म्हणून. सराफाला पटींशी देणंघेणं नसतं, मण्यात काळा डाग नको असतो.

मॅग्निफिकेशन वाढवलं की तीन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली प्रकाश. प्रत्यक्ष ॲपर्चर म्हणजे लावलेला आकडा गुणिले (१ + पट). एकास एकला एफ ११ लावलं की ते एफ २२ सारखं वागतं, दोन स्टॉप, म्हणजे तीन-चतुर्थांश, प्रकाश गेला. दोन पटीला तेच एफ ११ जवळजवळ एफ ३३ होतं, आणि विवर्तनानं, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यानं, चित्र मऊ पडतं. म्हणून ट्यूब वा मॅक्रो लेन्सनं एकास एकला मी एफ ८ ते ११ आणि दोन पटीला एफ ५.६ ते ८ मध्ये राहतो. पुढे काच लावली की लेन्स ताणली जात नाही, त्यामुळे प्रकाशाचा तोटा फारसा होत नाही, पण डेप्थचं संकट तिथेही तेवढंच असतं.

दुसरी डेप्थ, म्हणजे किती जाडीचा भाग स्पष्ट येईल. तुमच्या सेन्सरवर अर्ध्या पटीला एफ ११ वर साधारण २.६ मिलिमीटर, एकास एकला ०.९, दोन पटीला ०.३ च्या आसपास. लिहिताना साधे दिसणारे हे आकडे शेतात अंगावर येतात. ढालकिड्याची पाठ नुसती तीन-चार मिलिमीटर उंच असते! म्हणून तो समोरून टिपला तर फक्त डोळे येतात, वरून टिपला तर फक्त पाठ. यावर माझा उपाय असा: किड्याची जी बाजू सांगण्यासारखी आहे ती सेन्सरला समांतर आणायची. माव्याचा ताटवा पानाच्या शिरेवर सपाट बसलेला असतो, त्याला पान अलगद धरून समांतर केलं की सगळे स्पष्ट. जिथे हे जमत नाही तिथे फोकस थोडाथोडा सरकवून अनेक फोटो घेऊन जोडतो, पण ते फक्त निपचित किड्याला.

तिसरी गोष्ट वारा. पान २ मिलिमीटर हललं तर एकास एकला सेन्सरवरही २ मिलिमीटर, म्हणजे ५४० पिक्सेल. उघड्या कपाशीच्या रानात ऊन वर आलं की पान स्थिर राहत नाही. म्हणून मी पहाटे जातो. हिवाळ्यात तर फारच बरं. आपल्याकडे पौषात थंडी अशी पडते की किडे दवात भिजलेले, जागचे हलत नाहीत. एकदा अशाच सकाळी धरणगावकडे एका शेतात पोटावर पडून होतो. मालक आले आणि म्हणाले, “काय करी राह्यना भाऊ?” मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर क्रायसोपा या मित्रकिडीची अंडी दाखवली, बारीक देठावर लटकलेली. ते म्हणाले, हे तर आम्ही रोज पाहतो आणि बुरशी समजून पान खुडतो. ती अंडी मिलिमीटरहूनही लहान. मोठी करून दाखवल्याशिवाय मित्रकीड वाचली नसती. तुमच्या या कामाचं मोल मला म्हणूनच वाटतं.

फ्लॅश मात्र हवाच, दोन पटीला त्याच्याशिवाय गत नाही. त्याच्या तोंडासमोर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ थर्माकोल धरा. मावा चिकट गोड द्रव सोडतो, त्यावर उघड्या फ्लॅशचा लखलखाट येतो.

आणखी एक. फोटो कुणाला ओळखायला पाठवताना ‘१० पट’ असं लिहू नका. तो फोटो मोबाईलवर, लॅपटॉपवर, कागदावर वेगवेगळा दिसणार, दर वेळी पट बदलणार. त्याऐवजी त्याच अंतरावरून मिलिमीटर पट्टीचा एक फोटो काढून ठेवा आणि त्यावरून चित्राच्या कोपऱ्यात १ मिलिमीटरची रेघ काढा. फोटो कितीही ताणला तरी रेघही तेवढीच ताणली जाते. कीटकशास्त्रज्ञाला हवं असतं ते हेच.

तर तुमच्या जागी मी असतो तर आज मॅक्रो लेन्स घेतली नसती. आधी तिन्ही लेन्सची पट्टी-चाचणी करा. मग +४.८ ची क्लोज-अप लेन्स घ्या आणि २५० वर ढालकिडे, लाल ढेकूण, तुडतुडे टिपा. हात बसला की +८ घ्या, ११ मिलिमीटरच्या चौकटीत माव्याचा ताटवा छान भरतो. वर्षभरानंतरही याच कामात राहिलात आणि रोज एकास एकवर काम करावंसं वाटलं, तेव्हा १०० मिलिमीटर मॅक्रोचा खर्च सार्थ होईल. ती कडेपर्यंत अधिक स्वच्छ आणि फोकसला जलद असते, यात शंका नाही.

फुलकिड्यांसाठी वेगळा मार्ग घ्या. पानाच्या शिरेत त्यांच्यामागे लेन्स घेऊन पळू नका. पांढरा कागद पानाखाली धरून पान दोनदा झटका, पाहणी करणारे करतात तसं. किडे कागदावर पडतात, पृष्ठभाग सपाट, सगळं समांतर, डेप्थची अडचणच उरत नाही. कागदावर कडेला मिलिमीटरच्या खुणा पेन्सिलीनं आधीच करून ठेवा. आणि घाई करा, कारण ऊन लागलं की ते कागदाच्या कडेकडे पळत सुटतात.